संध्याकाळपर्यंतचं पॉलिश

"किती वेळ लागंल म्हणतोस?" ज्ञानूआबांनी विचारलं.

संभाजीनं उत्तराची घाई केली नाही. त्यानं फडक्याला थोडं घासायचं कंपाउंड लावलं, लाल मारुतीच्या बॉनेटवर वीतभर जागा घासली आणि फडकं उलटं करून बघितलं. फडक्यावर रंग उतरला होता आणि बॉनेटवरची तेवढीच जागा नव्यासारखी दिसत होती. बारामतीत मशीनच्या पॉलिशसाठी त्याचं नाव होतं, त्यामुळे अंदाज सांगताना त्याचा थाट डॉक्टरसारखा असे.

"रंग मेलाय, पण जित्ता हुईल. धुणं, रबराला चिकटपट्टी लावणं, मग मशीन. एका पत्र्याला वीस मिनिटं धरा. चार तासांत गाडी तुमच्या हातात."

आबांचा चेहरा पडला. आत्ता अकरा वाजले होते. म्हणजे तीनला गाडी तयार, आणि साडेतीनला मेघना गेलेली.

लेक दीड वर्षानं काटेवाडीला आली होती, तीही इंदापूरचं लग्न उरकून पुण्याकडे जाता जाता, चहापुरती. जावई बुद्धभूषण सारखे घड्याळ बघत होते. तेव्हा आबांना एकाएकी गाडीचा विटलेला रंग दिसला, आणि 'जावईबापू, आमच्याकडून एवढी भेट घ्याच,' म्हणून ते त्यांना गाडीसकट बारामतीला घेऊन आले. खरं तर त्या गाडीशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. त्यांना लेक हवी होती, अजून थोडा वेळ. पण जावयापुढं ते सांगायला जीभ रेटत नव्हती.

जावई पेपर आणायला समोरच्या टपरीवर गेले, तसं आबांनी संभाजीला कोपऱ्यात घेतलं.

"संध्याकाळ होऊ दे की."

"आरं तिच्या! लोकं वेळ कमी करा म्हणून माझं डोकं खात्यात, आन तुमी वाढवा म्हणताय?"

"लेक आलीया रं."

संभाजीला दोन बहिणी होत्या. जावई परत आल्यावर तोंड गंभीर करून त्यानं सांगितलं, की पत्रा उन्हानं तापलाय, तापल्या पत्र्यावर मशीन फिरवलं तर रंग जळतो, सावलीत गार होऊ द्यावा लागेल. संध्याकाळचे सहा धरून चला.

जावयांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मग त्यांचं लक्ष बॉनेटवरच्या त्या वीतभर जागेकडं गेलं आणि आठ्या गेल्या.

"ठीक आहे. मुक्काम पुण्यातच करायचाय, रात्री पोचू. मी वडापच्या जीपनं घरी जाऊन जरा पडतो. आबा, तुम्ही थांबा इथं. गाडी अशी कुणाच्या भरवशावर टाकू नये. टेपरेकॉर्डर काढतात, स्टेपनी बदलतात."

"व्हय, व्हय," आबा म्हणून गेले. जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही ही सवय इतकी जुनी, की आपण काय कबूल केलं हे त्यांना उमगेपर्यंत वडापची जीप लांब गेली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सगळा दिवस मिळवला होता आबांनी, आणि तो सगळाच्या सगळा गॅरेजच्या बाकड्यावर.

घरी मेघना आता आईशेजारी बसली असेल. तिचं हसू मोठं, पार गोठ्यापर्यंत ऐकू यायचं. सकाळी चहाच्या गडबडीत ती एकदाही हसली नव्हती. तिला एकटीला गाठून आबांना एवढंच विचारायचं होतं, बाई, बरी हायस ना? पत्रात ते विचारता येत नव्हतं, कारण पत्र जावईच फोडत.

एक वाजला आणि आबांना राहवेना.

"संभाजी, तीनपतुर दे बाबा गाडी."

"आता कसं हुईल? तुमी संध्याकाळ म्हणला, म्हणून मी डॉक्टरांची जीप आधी घेतली. ती दोनला सुटंल, मग तुमची."

"जरा हात उचलून कर की."

"आबा, पॉलिशला लागतो तेवढा वेळ लागतोच. वाढवाया येतो, कमी कराया येत न्हाय."

आबा दोनदा उठून वडाप थांबतं तिथपर्यंत गेले. दोनदा त्यांना स्टेपनी आठवली आणि ते परत फिरले.

सहाला जावई आले, गाडीभोवती एक चक्कर मारून खूश झाले. काटेवाडीत दारासमोर गाडी उभी राहिली, पण त्यांनी इंजिन बंद केलं नाही. शेजारपाजारची चार माणसं गाडी बघायला जमली. पिशव्या ओसरीवर भरून ठेवलेल्याच होत्या.

"कुठं हुता दिसभर?" मेघनाच्या आईनं, भागुबाईंनी आबांना फैलावर घेतलं. "जावई आल्या आल्या झोपलं, इचारायचं कुणाला? पोरगी धा येळा फाट्यावर जाऊन बघून आली!"

"गाडीपाशी," आबा म्हणाले.

मेघनानं गाडीकडं बघितलं. मग बापाकडं बघितलं, बराच वेळ. गाडी दिवसभर कुणासाठी अडकवली होती, ते तिच्या ध्यानात आलं असावं. ती पाया पडायला वाकली. आबांनी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात पिशव्या घ्यायला जावई शेजारी येऊन उभे राहिले, आणि आबा नुसतेच म्हणाले, "सावकाश जावा."

जावई डिकीकडं वळल्यावर मेघना हळूच म्हणाली, "आबा, पुढच्या खेपेला मी एसटीनं येईन. एकटीच."