एकही धडक सोडू नकोस

यंदा अमेरिकन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, दिग्गजांच्या त्या मानाच्या यादीत, धडका देऊन अडवणाऱ्या निवृत्त लाइनबॅकरांपैकी कोणाला घ्यावं, यावरून ओहायोतल्या त्या खानावळीत सकाळीच जुंपली होती.

“माझ्या रॉस्कोने तुझ्या वॉल्टपेक्षा दुप्पट माणसं आडवी केली,” अर्ल म्हणाला.

“रॉस्को? नखाला लागलं की बाकावर जाऊन बसायचा तो!” गस उसळला. “वॉल्टचं हेल्मेट फुटलं तरी तो हटला नाही. एका मोसमात तीनदा बेशुद्ध पडला आणि तिन्ही वेळा उठून खेळला!”

“तेही खरंच. बर्फातल्या त्या सामन्यात तर उठला आणि थेट समोरच्या संघात जाऊन उभा राहिला!”

सगळे खो खो हसले. शेजारच्या टेबलावर कागदी रुमालावर हे सगळं उतरवून घेणारी वॉल्टची बायको लोरेटा तेवढी क्षणभर थांबली, आणि पुन्हा लिहू लागली.

“निवड समितीला पाठवतेस ना, लोरेटा?” गसने खुशीत विचारलं. “लिही, लिही. एकही धडक सोडू नकोस.”



“समितीला नाही रे, मेंदूच्या डॉक्टरांना. डोक्याला किती वेळा मार बसला, ते विचारलंय त्यांनी. आणि वॉल्टला आता माझं नावसुद्धा आठवत नाही.”