किंचाळणारं दार

आमच्या गॅरेजचं दार उघडताना असं किंचाळायचं, की गल्लीच्या टोकापर्यंत कळावं, माझे नवरोबा कामावरून आले. ते दुरुस्त करायचं की नवं बसवायचं, यावर रविवारी त्यांनी आम्हाला समोर बसवून चक्क बैठक घेतली.

"आहे ते काय वाईट आहे?" सासूबाई म्हणाल्या. "असू दे ना, बाबा," मुलगी म्हणाली. मीही मान डोलावली.

"तुम्हा तिघींच्या डोक्यात भुसा भरलाय!" ते कडाडले. "नवंच आणणार मी. रिमोटवालं!"

आधी मत विचारायचं आणि मग अक्कल काढायची, ही त्यांची जुनीच खोड. ते दार किंचाळलं की सासूबाई सोफ्यावरचे पाय खाली घेतात, मुलगी टीव्ही बंद करून पुस्तक उघडते आणि मी तोंडावरचं हसू पुसून टाकते, हे एवढ्या हुशार माणसाला सांगणार कोण?

नवं दार बसलं. हूं नाही की चूं नाही, अगदी लोण्यासारखं सरकतं. त्या संध्याकाळी मुलगी तिच्या वर्गातला कसलासा किस्सा नक्कल करून सांगत होती आणि आम्ही पोट धरून हसत होतो. गाडी कधी आत आली, पत्ताच लागला नाही.

पॅसेजमधून त्यांचा आवाज आला. फक्त परक्यांसमोर काढतात ना, तो गोड आवाज.



"अरे वा! कोण पाहुणे आलेत?"