बर्फाच्या माणसाचं डोकं

"रविवारी सकाळी सातला डोंगरावरून परत निघायचं म्हणजे निघायचं. दुपारची पाळी आहे माझी," ब्रेटने घरात पाऊल टाकताच सुनावलं.

त्याची बायको टेगन बर्फातले बूट पिशवीत कोंबत होती. हातमोजे, कोरडे कपडे, पोरांची घसरगाडी, सगळं तिच्याच माथी. आणि हा शुक्रवार असूनही अंधार पडल्यावर उगवला, तोही हाताला डिझेलचा वास घेऊन. ट्रक दुरुस्त करणाऱ्याच्या हाताला अत्तराचा वास थोडाच येणार, असं मनाशी म्हणत तिने पुढचा बूट कोंबला.

"बाबा, या वेळी बर्फाच्या माणसाला डोकं तरी बसवशील का?" इंडीने विचारलं.

मागच्या हिवाळ्यात धड उभं राहिलं आणि साहेबाचा फोन आला. ब्रेटला साहेबापुढे 'नाही' म्हणता येत नाही. डोकं तसंच राहिलं. पोरगी ते विसरली नव्हती.

"बघू," ब्रेट म्हणाला. "टेगन, डिझेल डोंगराच्या पायथ्याशी, मॅन्सफिल्डला भरायचं बरं का. इथलं वर गेलं की गोठतं. तिथे थंडीत न गोठणारं मिळतं."

"दरवर्षी सांगतोस."

शनिवारी मॅन्सफिल्डला तो बर्फात घसरू नये म्हणून चाकांना लावायच्या साखळ्या भाड्याने आणायला गेला आणि टेगन पंपावर उभी राहिली. नळी लावली, तर थोडंसं जाताच पंप खट्‌कन बंद. पुन्हा दाबणार, तेवढ्यात मागच्या सीटवर धाकटा फ्लिन ओकला. मग सगळी पुसापुशी.

"भरलं?" ब्रेटने येऊन विचारलं.

"भरलं." एका शब्दात सुटका होत असेल तर दमलेलं माणूस दुसरं काय बोलणार?

डोंगरावर गाड्यांची ही रांग. पोचेपर्यंत ऊन उतरलं. बर्फाच्या माणसाचं धड कसंबसं झालं आणि पोरं कुडकुडत मुक्कामाच्या खोलीत परतली.

रविवारी सकाळी ब्रेटने किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं आणि गप्प झालं. पुन्हा तेच.

"गोठलंय," तो म्हणाला आणि त्याने साहेबाला फोन लावला. "आज जमणार नाही. गाडीच चालू होत नाहीये." पलीकडचा आरडाओरडा टेगनलाही ऐकू आला. ब्रेटने फोन बंद करून खिशात टाकला.

टेगनला रडूच आलं. "माझंच चुकलं रे. पंप लगेच बंद पडला, फ्लिनने घाण केली, मी पुन्हा भरलंच नाही. आणि वर तुझ्याशी खोटं बोलले."

ब्रेट खाली वाकून बर्फाचा गोळा वळत होता. चांगला मोठा. इंडी धडाशी हात पसरून उभी होती.

"आधीच भरत आलेल्या टाकीत पंप आणखी किती ओतणार?" तो हळूच म्हणाला. "शुक्रवारी घरी येताना मी कोणत्या पंपावर थांबलो होतो, ते नाही विचारलंस."