सुपारीचा रकाना

“केरू, तुझी सुपारी फुटली रे!” चाळीस वर्षांपूर्वीची आत्याची ती हाक केरूनानांच्या कानात अजून होती. पुढे पंगतीतल्या मानावरून लग्न मोडलं, आणि ठरलेली नवरी, गजराबाई, पलीकडच्या आळीत एकटीच राहिली.

आता घरांची दारं सरकारी नोंदवहीतली नाती ओळखून आपोआप उघडत. सरकारनं त्या नोंदवहीत ‘सुपारी फुटलेली’ असा रकाना घातला, गावानं हौसेनं जुन्या सुपाऱ्याही भरल्या. गोंधळ उडाला तसा रकाना काढला. पण त्यानं दारांशी जोडलेल्या नात्यांचे धागे मागं लोंबत राहिले. तेव्हापासून गजराबाई भाजीला जाताना समोरून निघाल्या, की नानांचं दार आपसूक उघडून म्हणे, “या मालकीणबाई!”

सारी आळी हसू लागली. गजराबाईंनी तक्रार केली, आणि राहिलेले धागे झाडायला कचेरीतली नीलम त्यांना घेऊन नानांच्या घरी आली.

“नाना, बाईंचा अंगठा झाला. तुमचा लावा, धागा पुसते.”

“आधी चहा घे.”

“तिसरा झाला, नाना!”

“लावा की!” गजराबाई कडाडल्या. “लग्न मोडताना नव्हता लागला एवढा वेळ!”

नानांनी अंगठा मुठीत लपवला.

“मान माझ्या बापाला हवा होता, गजरा. मला तू हवी होतीस. अजूनही हवी आहेस.”