मान जरा सरळ ठेवा

"आत जाऊन बसा, सुरू होईलच," रिसेप्शनवरची मुलगी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली आणि सलूनवाला पाय ओढत आत निघाला.

दुकानातून तो तसाच सुटला होता. अंगावर पांढरा कोट, खिशात कंगवा. बायकोने सकाळी निर्वाणीचं सांगितलं होतं. तिसऱ्यांदा उपचार फसल्यापासून हा गडी घरात तोंडाला कुलूप लावून बसायचा. "मूल नाही झालं तर नाही झालं," ती म्हणाली होती, "पण मला नवरा तरी हवा ना? आज त्या समुपदेशकाकडे जा, नाहीतर मी चालले आईकडे. कायमची."

आता गंमत बघा. दुकानात याची जीभ कात्रीपेक्षा जोरात चालायची. गिऱ्हाइकाच्या सासूपासून सरकारपर्यंत एक विषय सोडायचा नाही. पण समोरासमोर बसवलं की ततपप! याला बोलायचं तर माणूस खुर्चीत आणि पाठमोरा हवा.

खोलीत एक बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. चष्मा, मांडीवर जाडजूड फाइल, चेहरा गंभीर. अगदी डॉक्टरबाई शोभत होत्या. त्याला पाहून त्या उठायला लागल्या.

"बसा, बसा," तो सवयीने म्हणाला, त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "मान जरा सरळ ठेवा."

त्याने जीभ चावली. बाईंनी मात्र मुकाट्याने मान सरळ केली आणि एक खोल श्वास घेतला.

"कुठून सुरुवात करायची?" त्यांनी विचारलं.

"जिथं दुखतं तिथून," तो म्हणाला, आणि सुरूच झाला. लहान पोराला फळीवर बसवून केस कापताना जीव कसा गलबलतो, कुणी 'तुला मुलं किती?' विचारलं की आपण मुद्दाम ड्रायर कसा चालू करतो, सगळं सगळं भडाभडा बोलून गेला.

"तुम्हालाही रडू येतं?" बाईंनी हळूच विचारलं.

"येतं की. बाथरूममध्ये, नळ सोडून."

"मीसुद्धा नळच सोडते."

मग त्याही बोलल्या. बहिणीचं बाळ जवळ घ्यायची भीती वाटते म्हणाल्या, आणि त्या भीतीची लाज वाटते म्हणाल्या. एवढी शिकलेली बाई, पण पेशंटला धीर यावा म्हणून स्वतःचं दुःख सांगते! सलूनवाल्याला अगदी भरून आलं.

"हे घरी बोलायला हवं, नाही का?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"बोलायलाच हवं. आजच्या आज!" असं म्हणून तो तडक घरी निघाला.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तो तिच्या मागे उभा राहिला आणि त्याने सगळं सांगून टाकलं, नळासकट. तिच्या हातातला टॉवेल हातातच राहिला.

"अरे मेल्या, मला वाटायचं तुला काही वाटतच नाही!" ती म्हणाली आणि रडता रडता हसायला लागली. दोघं मिळून पोटभर रडले. आईकडे जायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

"त्या डॉक्टरबाईंचे पायच धरायला हवेत," बायको म्हणाली. दुसऱ्या दिवशी दोघं जोडीने हजर झाले, बायकोच्या हातात फुलांचा गुच्छ.

"डॉक्टरबाई?" रिसेप्शनवरची मुलगी गोंधळली. "आमच्याकडे तर सर आहेत. काल त्यांची गाडी वाटेत बंद पडली, ते आलेच नाहीत. मी सांगायला आत गेले, तर तुम्ही दोघंही गायब!"

"मग आत बसल्या होत्या त्या बाई?"

"त्या तुमच्या आधीच्या पेशंट. सकाळीच फोन आला होता त्यांचा." मुलीने आवाज खाली आणला. "पुढच्या आठवड्याची वेळ मागतायत, पण आमच्या सरांची नको म्हणे. काल आत भेटले, तेच डॉक्टर हवेत."