गोळीचा परिणाम

"डॉक्टर, आधी त्या गोळ्या बंद करा," खुर्चीत टेकायच्या आतच आमच्या ह्यांनी सुरू केलं. "हिच्या तोंडाला लगामच राहिला नाही. परवा माझ्या आईला म्हणाली, चहा हवा तर उठा आणि करून घ्या!"

स्तनाचा कॅन्सर बरा झाल्यावरही हार्मोनवरची गोळी चालू ठेवावी का, याच्या चाचणीत मी होते. काही बायकांना औषध, काहींना नुसती पिठाची गोळी. कुणाला कुठली, ते गुपित. गोळीने चिडचिड होते असं कळल्यापासून मी घरात मनसोक्त चिडत होते.

डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या, "चाचणी संपलीय. ताईंना पिठाचीच गोळी होती."

"म्हणजे हे सगळं हिचं स्वतःचं?" ह्यांचा आवाज बसला.

"गोळी बंद करू नका, मॅडम," मी म्हटलं. "चांगला गुण आलाय."