मेव्हण्याचे बूट

"इथे नाही," गोदामाचा चौकीदार फाटकाच्या आतूनच म्हणाला.

ड्रायव्हरने अजून इंजिनही बंद केलं नव्हतं. जाळीतून आतलं आवार दिसत होतं. झाडून स्वच्छ केलेलं, दिव्यांनी लखलखलेलं आणि सगळं रिकामं. माल ह्याच गोदामाचा होता. पण तो उतरवून घेणार उद्या, आणि सकाळी नंबर लागल्याशिवाय गाडी आत घ्यायची नाही, असा साहेबांचा हुकूम होता. मग रात्री लावू कुठे, असं त्याने विचारलं. कुठेही लावा, पण आमच्या भिंतीला लागून नको, कॅमेऱ्यात घाण दिसते, असं उत्तर मिळालं.

घाण म्हणजे ट्रक की आपण, हे मनात घोळवत त्याने गाडी मागे घेतली.

त्याआधी पंपावरून हाकललं होतं. टाकी भरेपर्यंत 'या, या' आणि भरल्यावर 'चला, पुढे घ्या'. हॉटेलवाल्याने पोटभर वाढलं आणि हात धुवून होताच पार्किंगला साखळी लावली. हायवेच्या कडेला थांबावं तर पोलीस काठी आपटत येणार. माल सगळ्यांना हवा होता. तो घेऊन येणारा तेवढा डोळ्यांत खुपत होता. त्याला ह्या सगळ्याची शिसारी आली होती. दिवसभर गाडी हाकून पाठ मोडते ती परवडली, पण संध्याकाळी हे दारोदार फिरणं नको वाटायचं.

शेवटी उरली ती बंद कारखान्यामागची मोकळी जमीन. मुताचा वास, फुटक्या बाटल्या आणि मातीत डिझेलचे काळे डाग. मागच्या खेपेला चोरांनी त्याची टाकी इथेच रिकामी केली होती. मालकाने तेव्हा आवाजही चढवला नव्हता. पुन्हा असं झालं तर किल्ली टेबलावर ठेवायची आणि घरी जायचं, एवढंच शांतपणे सांगितलं होतं. ह्या वयात, ह्या गुडघ्यांसकट, त्याला दुसरी गाडी कोण देणार होतं? आज डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही, असं ठरवूनच त्याने गाडी आत वळवली.

आणि त्याचा जीव भांड्यात पडला. तिथे आधीच एक ट्रक उभा होता. केबिनचे पडदे ओढलेले, पायरीवर दोन जोड मोठाल्या पुरुषी चपला, आत रेडिओ चालू. म्हणजे दोघं होते. दोघं असले की आळीपाळीने झोपतात, एक जण तरी जागा असतो.

त्याने गाडी त्यांना अगदी खेटून लावली. मग सीटखालून मेव्हण्याचे बूट काढले.

मेव्हणा असा कुणी नव्हताच. मालकाने क्लीनर देणं बंद केल्यापासून तो एकटाच चालवत होता, आणि एकट्याची गाडी म्हणजे चोरांना आवतणच. म्हणून त्याने जुन्या बाजारातून हे दांडगे बूट आणले होते. रात्री ते आपल्या चपलांशेजारी पायरीवर ठेवायचे, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, आत दोन माणसं आहेत. सगळीकडे सोबत यायचं, जागा अडवायची आणि कामाला हात लावायचा नाही, म्हणून नाव मेव्हणा. ही युक्ती जगात आपल्या एकट्यालाच सुचली आहे, असं त्याला वाटत होतं.

"मेव्हणे, उजाडेपर्यंत आता तुमची पाळी," तो मुद्दाम मोठ्याने म्हणाला.

पलीकडचा रेडिओ लगेच बंद झाला. एक झोपला, दुसरा जागायला बसला, असं त्याने धरलं. आणि कितीतरी रात्रींनी तो गाढ झोपला.

सकाळी त्याला जाग आली ती डिझेलच्या वासाने. टाकीचं झाकण मातीत पडलं होतं. चोरांनी मेव्हण्याचा एक बूट उचलून पाइपाखाली टेकण म्हणून लावला होता आणि काम झाल्यावर तसाच टाकून दिला होता. नोकरी गेली, हे त्याला कळत होतं, पण आधी आली ती किळस. चोरांची नव्हे, शेजारच्या दोघांची. दोन धडधाकट पुरुष हाताच्या अंतरावर असताना एकालाही जाग येऊ नये? घोरत पडले असतील मेले. तो बूट हातात घेऊनच त्यांच्याकडे निघाला. त्यांच्याही टाकीचं झाकण उघडं होतं. त्याने दारावर थाप मारली.

पडदा सरकला आणि एक बाई बाहेर डोकावली. तिने आधी आपली टाकी पाहिली, मग त्याची. तिच्या मागे केबिनमध्ये एकच उशी होती.

"तुमची माणसं कुठायत?" त्याने विचारलं.

ती अनवाणीच खाली उतरली. पायरीवरच्या चपलांमध्ये तिचा पाय दोनदा मावला असता.

"माणसं कुठली, दादा. मीच चालवते."

रोज रात्री रेडिओ लावून जागीच बसते, असं ती सांगू लागली. पण काल शेजारून मेव्हण्यांना पाळी दिलेली ऐकली आणि वाटलं, आज आपल्याऐवजी कुणीतरी जागं आहे. म्हणून रेडिओ बंद करून आडवी झाली. बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला. तिलाही कुणीतरी मालक असणार, आणि त्याचंही टेबल असणार.

"दोघं होतात ना तुम्ही?" घाणीकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे पाहिलं. "मग तुमचे मेव्हणे काय करत होते रात्रभर?"

त्याने हातातला बूट उलटा केला. आत साचलेलं डिझेल मातीत सांडलं.

"तुमच्या माणसांच्या भरवशावर झोपले होते, ताई."